परक्या घरचा व्हिडिओ कॉल

मला करोना झाल्याचं माझ्या वर्गासमोर कळलं. वर्ग म्हणजे हातातला फोन. वडवणीजवळच्या शाळेत मी चौथीला शिकवते. शाळा बंद होत्या आणि मुलं पडद्यावरच्या चौकोनांत बसायची. अपूर्णांक समजावत असताना वरून मेसेज घसरत आला : रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी गणित पूर्ण केलं, "उद्या भेटू" म्हटलं आणि फोन बंद केला.

तोवर माझं सगळं घरच फोनवर चाललं होतं. किराणा फोनवर, वीजबिल फोनवर. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालीत. एकुलता एक मुलगा निखिल पुण्यात, तोही फोनवरच. डॉक्टरांनीही फोनवरच तपासलं. "मॅडम, ऑक्सिमीटर कॅमेऱ्यासमोर धरा," म्हणाले. ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावायचा चिमटा, रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दाखवतो. आकडा बघितल्यावर त्यांनी बाकी काही विचारलं नाही.

"लगेच बीडला निघा."

दवाखान्याच्या दारात पिशवी जमा झाली, पिशवीत फोन. मला बायपॅप लावलं. म्हणजे नाकातोंडावर घट्ट आवळलेला मास्क, आणि त्यातून यंत्र हवा आत ढकलत राहतं. बोलता येत नाही. डोक्यावर टोपी, चेहरा सुजलेला, उघडे फक्त डोळे. आजूबाजूला पांढऱ्या किटमधली माणसं. त्यांचेही फक्त डोळेच.

दुसऱ्या दिवशी मला खाटेसकट नव्हे, नुसतं उचलून पलीकडच्या खाटेवर नेलं. का, ते मला कळलं नाही.

दुपारी एक सिस्टर टॅब घेऊन आली. "ताई, घरचे आहेत. बघा."

पडद्यावर दाढी वाढलेला एक माणूस होता. मागे डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी आणि दोन मुली. यातल्या कुणालाही मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"अगं, ऐकायलीस का?" तो माणूस म्हणाला. "बरं वाटायलंय का?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. सिस्टरने माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. "मास्क सरकतो, हलू नका." तिकडे म्हातारीने पदर तोंडाला लावला. "लई तरास व्हायलाय गं तिला."

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता. त्यात एक मास्क लावलेली बाई होती. ती मी होते, पण मला ती ओळखू आली नाही.

मी खूण करून पेन मागितलं आणि औषधाच्या खोक्यावर लिहिलं, 'ही माझी माणसं नाहीत.' सिस्टरने ते डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरही टॅबवरूनच राउंड घ्यायचे. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "घाबरू नका. याला डेलिरियम म्हणतात. ऑक्सिजन कमी पडला की मेंदू गोंधळतो. ओळखीची माणसं परकी वाटतात. जाईल हळूहळू."

झोपेचं औषध सुरू झालं. आणि मला खरंच शंका यायला लागली. डॉक्टर खोटं कशाला सांगतील? निखिलचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, तर आधी ती म्हातारीच येई. कदाचित निखिल हाच भास असेल. कदाचित हेच माझं घर.

रोज दुपारी ते यायचे. मोठी मुलगी शाळेचं सांगायची. धाकटी काही बोलायची नाही. ती फक्त फोनच्या अगदी जवळ येऊन माझे डोळे बघायची. तिची मला भीती वाटायची, आणि तिची वाटही बघायचे.

एकदा त्या माणसाने सगळ्यांना बाहेर पाठवलं. फोन दोन्ही हातांत धरून तो हळू आवाजात बोलला. "तुला कधी सांगितलं न्हाई. तुला बघायला आलतो तवा म्या तुझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. लाज वाटायली. नुसते हात बघितले, चहाचा ट्रे धरलेले. आजबी अंधारात वळखीन. तू ये बाई. तुझ्याबिगर घरात पाऊल टाकू वाटंना."

ते ऐकून मला रडू आलं. आणि मग औषधाच्या गुंगीतही एक गोष्ट स्पष्ट दिसली. याला हात ओळखता येतात.

दुसऱ्या दिवशी टॅब आला तसे मी दोन्ही हात वर केले. माझ्या डाव्या पंजाच्या मागच्या बाजूला जन्मखूण आहे, मोठी, काळपट. हात कॅमेऱ्यासमोर धरून ठेवले.

त्या माणसाने फोन डोळ्यांजवळ नेला.

धाकटी म्हणाली, "पप्पा, हे मम्मीचे हात न्हाईत."

"गप बस गं," म्हातारी म्हणाली.

"न्हाईतच. मग मम्मी कुठंय?"

मी मान खाली-वर हलवू लागले. मास्क सरकला, यंत्र किंचाळायला लागलं. सिस्टर धावली. पण या वेळी तिने आधी माझ्या मनगटावरची पट्टी वाचली. मोठ्याने वाचली, माझं नाव. मग खाटेवरचा नंबर पाहिला. किटच्या आत ती "अरे देवा" म्हणाली, ते मला ऐकू आलं.

झालं होतं असं. व्हेंटिलेटर माझ्या पहिल्या खाटेजवळ होतं. व्हेंटिलेटर म्हणजे पेशंटच्या जागी स्वतः श्वास घेणारं यंत्र. पलीकडच्या बाईंना ते लागलं म्हणून आमच्या जागा बदलल्या. औषधं मनगटावरची पट्टी बघून दिली जात, ती बरोबर होती. घरचे फोन मात्र खाटेच्या नंबरावरून लागायचे, आणि नळ्या-पट्ट्यांमुळे त्या बाईंचाही चेहरा दिसत नव्हता.

सिस्टर टॅब घेऊन दोन खाटांमधल्या पडद्यापलीकडे गेली. तिकडून हाक आली, "मंगल!" इतक्या दिवसांत त्याने बायकोचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग सिस्टरने टॅब परत माझ्याकडे आणला आणि त्यावर निखिल दिसला.

"आई," तो म्हणाला, "मग मी कुणाशी बोलत होतो?"

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं करा. फोन लागला की आधी पेशंटच्या मनगटावरचं नाव वाचून घ्या. दाखल होतानाच घरच्यांशी हाताची एखादी खूण ठरवून ठेवा. आणि पेशंट म्हणाला की ही माझी माणसं नाहीत, तर भास समजण्याआधी एकदा तपासा. त्या सिस्टरने शेवटी तपासलं, म्हणून मी तिचे उपकार मानते. तिचा चेहरा मी कधीच पाहिला नाही.

आम्ही दोघीही वाचलो. पुढे गाड्या सुरू झाल्यावर मंगल माझा पत्ता शोधत कडा या आपल्या गावाहून वडवणीला आली. सोबत धाकटी. पोरगी दारातच उभी राहून माझे डोळे बघत होती. मग आत आली.

मंगल चहा घेईना. "ताई, तुमच्यापाशी काय बोलले वं ते? इचारलं तर नुसते हसत्यात. आता परत बोलायला लाजत्यात."

मी सगळं सांगितलं. ट्रेचं सांगितलं तेव्हा तिने स्वतःचे हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. "अजून एकदा सांगा," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

मग तीच म्हणाली, "मला एक पोरगं 'आई, आई' करून हाका मारायचं. मला तर दोन पोरीच. म्या म्हनलं, मेल्यावर असंच व्हत आसंल. काय बोलायचं ते ध्यानात न्हाई. पर लई रडायचं वं ते."

निखिल त्याच्या वडिलांच्या वेळीही रडला नव्हता. निदान माझ्यासमोर नाही.

त्या रविवारी मी त्याला फोन केला नाही. सकाळची पुण्याची एसटी धरली. त्याने दार उघडलं, आणि मी काही न विचारता कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले.