रविवारची काळी पेटी

भरतीची पोरं पळवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी साठतात, फाटके बूट आणि किस्से. बूट फेकता येतात, किस्से काही फेकवत नाहीत!

पोलीस खात्यातून मी रिटायर झाले आणि आटपाडीला पोलीस भरतीची अकॅडमी काढली. पहिल्याच दिवशी नियम सांगितला, रविवारी पळायचं नाही. "पळून हाड थोडं झिजतं, आरामात भरून घट्ट होतं. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सेंट्रिंग काढता का रं?"

"न्हाई म्याडम!" सगळे एका सुरात. आणि रविवारी सगळेच माळावर पळताना सापडले!

*

मग मी आमच्या ह्यांची फौजेतली काळी पेटी काढली. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचे बूट आत, वर कुलूप. फलटणचा सागर मोठा बहाद्दर. रविवारी खोलीमालकाचे गमबूट घालून पळाला आणि सोमवारी लंगडत आला.

"गमबूट चावलं, म्याडम."

"आराम चावत न्हाई, तो घे की गड्या!"

*

पाय दुखतो असं पोरं मेली तरी सांगत नाहीत. म्हणून मी एका बोटाने नडगी दाबत जाते. एकाच जागी कळ आली की थेट डॉक्टर.

सारिका मेंढपाळाच्या घरची, आठशे मीटरला सगळ्यांच्या पुढे. बोट टेकताच तिच्या डोळ्यांत पाणी.

"दुखतंय?"

"न्हाई म्याडम."

"मग रडतीस कशाला?"

"तुमचं बोट लय गार हाय!"

*

सांगलीचे डॉक्टर म्हणाले, हाडाला बारीक चीर आहे, सहा आठवडे पळणं बंद. भरती तीन महिन्यांवर! सारिका दवाखान्याच्या पायरीवरच बसली. "ही भरती हुकली तर घरचे लग्न लावत्याल, म्याडम." मी तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावून बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. त्यांना समजवायला मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "कोकरू लंगडलं तर आमी खांद्यावर घेतो, कळपासंगं पळवत न्हाई. लग्नाचं फुडं बघू. पोरी, तू बस निवांत."

माझं भाषण तसंच राहिलं!

*

अंग हलकं राहावं म्हणून सारिका अर्धीच भाकरी खायची, हे मला तेव्हा कळलं. मग हाड भरायला दोन भाकऱ्या, अंडी, दूध सुरू केलं. सहा आठवडे ती स्टॉपवॉच घेऊन इतरांवर ओरडत होती. सागर म्हणायचा, "म्याडम परवडल्या, ही लय डेंजर हाय!"

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मिनिटभर पळायचं, मिनिटभर चालायचं, असं सुरू केलं. एक दिवस ती स्वतःच थांबली. "आज एवढंच, म्याडम." मला नाचावंसं वाटलं!

*

भरतीत आठशे मीटरला ती तिच्या बॅचमध्ये पहिली आली! मी गेटबाहेर एवढी ओरडले, की बंदोबस्ताचा पोलीस धावत आला. "काकू, शांत ऱ्हावा."

"काकू न्हाई, रिटायर हवालदार हाय मी! आणि ती माझी पोरगी हाय!"

*

ट्रेनिंग संपवून सारिका वर्दीत भेटायला आली. कडक सॅल्यूट ठोकला. शनिवारची संध्याकाळ, पोरं रांगेने पेटीत बूट टाकत होती. ती गुपचूप रांगेच्या शेवटी उभी राहिली. नंबर आला तशी खाली बसली, आपल्या चकचकीत बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट सगळ्यांच्या वर ठेवले.

"लावा कुलूप, म्याडम. उद्या रविवार हाय."