फीटसचं सुतक

भाईंदरला मिठागरांच्या बाजूला आमचं घर होतं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सातवा महिना चालू असताना माझं मूल पोटातच गेलं. मला ते कोणी दाखवलं नाही. नवरा आणि सासरे ते पुरून परतले तेव्हा त्यांच्या पायांना खाडीकाठच्या खाजणाचा चिखल होता, एवढंच पाहिलं.

"डॉक्टर म्हणाले, फीटस होता. त्याला सुतक नसतं," सासूबाईंनी सांगितलं.

एरवी त्या इंग्रजी शब्दांच्या वाटेला जात नसत. हाच एक इतका घट्ट का धरला, याचा मला संशय आला. मग भिंतीआडून ऐकलं, शेजारणीला सांगत होत्या, "पाचवाच तर होता." आमच्याकडे सहाव्यापर्यंत गेलं तर सुतक धरत नाहीत. सातव्यापासून सगळ्या घराला दहा दिवस. आणि त्याच आठवड्यात नणंदेचा साखरपुडा होता.

नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "तू पडून राहा."

मी शिकवायचे त्या शाळेतले उत्तनचे मास्तर भेटायला आले. तरुणपणी पाद्री व्हायला गेलेले, लॅटिन शिकून परत आलेले. सासूबाई चहा ठेवून दारातच उभ्या राहिल्या.

"मास्तर, फीटस म्हणजे नेमकं काय?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "डॉक्टर पोटातल्याला म्हणतात. पण लॅटिनमध्ये जन्म देणं, आणि जे जन्मतं ते. मेंढीचं कोकरू, झाडाचं फळ, बाईचं लेकरू, सगळ्यांना तोच शब्द. जन्मून झाल्यावरसुद्धा."

"मास्तर, चहाला साय धरली," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांचाही मला थोडा संशय आला. दुःखातल्या बाईला बरं वाटावं म्हणून तर सांगत नसतील? पुढे शाळेतल्या जाड कोशात पाहिलं. खरं होतं.

साखरपुड्याला बायका जमल्या. सासूबाई मागच्या खोलीत आल्या. "ऊठ, नणंदेची ओटी भर."

"मला सुतक आहे."

"हळू बोल. कोणाचं सुतक?"

"ते तुम्ही सांगा. मुलगा होता की मुलगी?"

बाहेर बायका हसत होत्या. सासूबाईंच्या बोटांना कुंकू लागलेलं होतं. ते त्या पदराला पुसत राहिल्या.

"मुलगी," त्या म्हणाल्या. मग बाहेर गेल्या आणि ओटी दुसऱ्या कोणाला तरी भरायला सांगितली.

दहा दिवस मी एकटीने पाळले.