वरातीतला दादा

सर्वांत चांगले सिनेमे कोणते, असं कुणी विचारलं तर मी न अडखळता सांगू शकते. निम्मं आयुष्य सिनेमे बघण्यात गेलं आहे. कुठला का चांगला, हे चार माणसांत पटवूनही देता येतं. पण आवडता कोणता, म्हटलं की मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. कारण माझा आवडता सिनेमा अगदी टाकाऊ होता. हे मला पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या दादाने, आणि तो स्वतः त्यात होता.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. आई, दादा आणि मी. वडील आधीच गेले होते. दादा गिरणीत बदली कामगार होता. गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम मिळायचं. नाही मिळालं की तो दादरच्या एका स्टुडिओच्या दारात जाऊन उभा राहायचा. गर्दी दाखवायला तिथे माणसं लागत. कधी तो बाजारातलं गिऱ्हाईक व्हायचा, कधी कोर्टात मागच्या बाकावर बसायचा. सिनेमाचं वेड होतं त्याला, पण आंधळं नव्हतं. मी मॅट्रिकला असताना त्याने मला गिरगावात एक सिनेमा दाखवला. एक म्हातारी बाई घर सोडून जाते, एवढीच गोष्ट. बाहेर इराण्याकडे चहा पिताना मी म्हटलं, कंटाळा आला.

"आवडला नाही तर नाही," तो म्हणाला. "पण चांगला आहे. कुलूप लावता लावता ती बाई थांबली, ते पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग काय केलं तिने?"

"परत आत गेली. माठावर झाकण ठेवून आली."

"लक्षात राहिलं ना? मग झालं."

"आणि तुझा नवा सिनेमा?"

तो हसला. "तो भिकार आहे गं. वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालतोय मी. डाव्या रांगेत, पुढून तिसरा. लागला तर बघ आणि लगेच विसर."

तो सिनेमा लागायच्या आधीच दादा गेला. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. आधी सभा, मग मोर्चे, मग लाठ्या, मग गोळ्या. दादा काही पुढारी नव्हता. खात्यातले सगळे निघाले म्हणून तोही निघाला. जेवायला येतो, असं आईला सांगून गेला. दुपारी गोळीबार झाला. शेजारचे दोघे आईला इस्पितळात घेऊन गेले, आणि ती परतली तेव्हा तिच्या हातात त्याच्या चपला होत्या. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. काढायचा राहूनच गेला होता.

काही महिन्यांनी परळला तो सिनेमा लागला. आई जन्मात कधी थिएटरात गेली नव्हती. मी तिला सांगितलं, तशी ती लुगडं बदलून दारात उभी राहिली.

सिनेमा दादा म्हणाला तसाच होता. मग वरात आली. गॅसबत्त्यांच्या पांढऱ्या उजेडात चेहरे अर्धे पुसल्यासारखे दिसत होते. मी डावीकडच्या रांगेतला तिसरा माणूस शोधला. तीच उंची, तीच जरा वाकडी चाल. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं.

"तो बघ, माझो झील. बारीक झालो गो तो."

तिचं बोट उजवीकडच्या रांगेकडे होतं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मान वळवल्यान, बघलंस?"

माझ्या माणसाने मान वळवली नव्हती. "बघितलं," मी म्हटलं. तिची नजर अधू झाली होती. तिला कुणी का दिसेना, दिसला हे बरं, असं मला वाटलं. सिनेमा होता तोवर आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. एकाच वरातीत ती तिच्या माणसाकडे बघायची, मी माझ्या.

मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागला मिरवणूक निघाली. आई खोलीतून बाहेर आली नाही. मी कडेला उभी होते. समोरून गॅसबत्तीवाल्यांच्या दोन रांगा येत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "डावी रांग, जरा सरका." माझ्या उजव्या हाताची रांग सरकली.

समोरून येणाऱ्याचं डावं म्हणजे बघणाऱ्याचं उजवं. दादाने आपली डावी बाजू सांगितली असेल तर आईच बरोबर होती, आणि मी इतके दिवस एका परक्या माणसाला बघून रडत होते.

पुढे तो सिनेमा परळच्या त्याच थिएटरात सकाळच्या खेळाला परत लागला. आईला घेऊन मी गेले. या वेळी उजवीकडे बघायचं ठरवलं होतं. बँड वाजायला लागला, पडदा थरथरला, आणि एकदम नवरी घरात पाट्यावर वाटण वाटताना दिसली. वरात नव्हतीच. आई शेवटपर्यंत बसली. बाहेर उन्हात आल्यावर म्हणाली, "आज इलो नाय तो."

तिला पायरीवर बसवून मी मशीन चालवणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, फीत जुनी झाली की तुटते. जोडताना तेवढा तुकडा जातो."

"कुठे जातो?"

"कुठे जाणार? कचऱ्यात."

त्यानंतर तो सिनेमा मला कुठेच दिसला नाही. मी नोकरीला लागले, एका चित्रपट मंडळात जायला लागले, देशोदेशीचे सिनेमे पाहिले. एकदा आईलाही नेलं. फार उत्तम सिनेमा होता तो. एका बेटावर नवरा-बायको राहतात, दिवसभर पाणी वाहतात, बोलत नाहीत. आई पुढे वाकून पडद्याचा कोपरान् कोपरा बघत होती. मला वाटलं, रमली.

थोड्या वेळाने ती माझ्या कानाशी आली. "हेच्यात गर्दी नाय?"

"नाही गं," मी म्हटलं.

तिने पदर सारखा केला आणि डोळे मिटून घेतले. सिनेमा संपल्यावर मी तिला हाताला धरून बाहेर आणलं.