हो ला हो म्हणणारा काटा

माझा स्वभाव मुळातच घोर लावून घेणारा. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी बसस्टँडवरून घरी परत आलेली आहे, तेही एकाच सकाळी दोनदा. अशा बाईनं प्रोग्राम तपासायचं काम करावं हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

यवतमाळात आमचं ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सर आणि आम्ही तिघं. त्या वर्षी आम्ही राळेगावकडच्या एका कापूस खरेदी केंद्रासाठी वजनाचा प्रोग्राम करत होतो. दिवस वाईट होते. कापसाचा विषय निघाला की चांगली बोलकी माणसं आवाज खाली आणत. गाडी घेऊन येणाऱ्याला निदान वजन तरी बरोबर मिळावं, एवढंच आमच्या हातात होतं, आणि तेवढ्याचाच मला धसका होता.

प्रोग्राम दिवसातून दहादा तपासायचा तर दरवेळी गाडीकाटा कुठून आणणार? म्हणून खऱ्या काट्याच्या जागी संगणकातच एक नकली काटा उभा करायचा. आमच्या धंद्यात त्याला मॉक म्हणतात. त्याला आधी शिकवून ठेवायचं, की वजन विचारलं तर अमुक आकडा सांग. असे नकली नग बनवायचं एक तयार फ्रेमवर्क फुकट मिळे. त्यात आमच्या काट्यासाठी आणि प्रिंटरसाठी भर घालायची आणि ते सगळं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

माझा नकली काटा सुरुवातीला फार कडक होता. न शिकवलेलं काही विचारलं की चाचणी लाल, म्हणजे नापास. सर प्रोग्राममध्ये एखादी ओळ बदलत आणि पडद्यावर लाल रांग लागे. "तुह्या नकलीनं जीव खाल्ला, पोरी," सर म्हणत, "मी प्रोग्राम लिहू का त्याची मनधरणी करू?" शेवटी मी फ्रेमवर्कमध्ये एक सवलत घातली. जे शिकवलेलं नाही ते कोणी विचारलं, तर सरळ 'हो' म्हणायचं. रांग हिरवीगार झाली. सरांनी कचोऱ्या मागवल्या.

कचोरी मीही खाल्ली, पण ते हिरवं मला पचेना. सगळ्यांच्या हो ला हो मिळवणारा माणूस घरात असला की भांडणं होत नाहीत, पण घरात काय चाललंय तेही कळत नाही. दोन-तीनदा मी सरांना म्हटलं, काटा परत कडक करू या. "सीझन होऊन जाऊ दे," सर म्हणाले. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

खरेदीच्या पहिल्या दिवशी मला केंद्रावर पाठवलं. काट्याच्या खोलीत वजन करणारे काका संगणकापुढे आणि मी त्यांच्या मागे स्टुलावर. खिडकीबाहेर बैलगाड्यांची लांब रांग. पहिल्या दोन गाड्यांचे बैल गरीब होते, मुकाट उभे राहिले. तिसऱ्या गाडीची जोडी तरणी. एकानं पाय बदलला, दुसऱ्यानं मान झटकली, आणि काट्यावरचा आकडा हलतच राहिला. काकांनी बटण दाबलं, चिठ्ठी निघाली. मी वाकून पाहिलं. दुसऱ्या गाडीचं जे वजन, किलोला किलो तेच तिसरीचं.

"होते मॅडम कधी कधी," काका म्हणाले. "सारख्या भरल्या असतीन."

असतील, असं मी स्वतःला बजावलं. आपल्याला घोर लावून घ्यायची सवयच आहे, म्हटलं. आणि ती गाडी पुढे जाऊ दिली. नंतरच्या चार गाड्यांचे आकडे वेगवेगळे आले, मी स्टुलावर परत टेकले. त्यांच्यानंतरच्या गाडीचे बैल पुन्हा चुळबुळे निघाले आणि पुन्हा मागचाच आकडा छापला गेला.

आता सबब उरली नव्हती. आमचा प्रोग्राम काट्याला विचारतो, 'आकडा स्थिरावला का?' हा प्रश्न मी नकली काट्याला शिकवलाच नव्हता. त्यामुळे तपासणीत तो दरवेळी 'हो' म्हणाला होता, आणि 'नाही' आलं तर प्रोग्राम काय करतो हे आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं. 'नाही' आलं की प्रोग्राम आधीच्या गाडीचंच वजन उचलत होता.

"काका, काटा थांबवा," मी म्हटलं. रांगेत ओरडा सुरू झाला. शेवटची गाडी परत घेतली, बैल शांत होईपर्यंत थांबलो, आकडा भलताच निघाला. पण त्या तिसऱ्या गाडीचा कापूस तोवर ढिगात गेला होता.

तिचा गाडीवाला आवारातल्या बाभळीखाली बैलांना पाणी पाजत होता.

"भाऊ, तुमचं वजन कमी लागलं असं वाटतं का?"

"असन."

"की जास्त लागलं?"

"असन तसंबी."

"म्हणजे चिठ्ठी बरोबर आहे?"

"हो. कंप्युटरचीच हाय न."

मी विचारीन त्याला तो मान हलवत होता. हा असाच निघून गेला तर माझी चूक कोणाला कधी दिसणारही नव्हती. मनाच्या एका कोपऱ्याला ते हवंही होतं, लपवत नाही. मला स्वतःचीच भीती वाटली. मग मी हो-नाहीचे प्रश्न सोडले.

"कापूस घरी कोणी तोलला?"

आता तो थांबला. "बायकोनं. वेचणीची मजुरी किलोवर असते न, तं रोजचं वहीत लिहून ठेवते थे."

"वहीत किती आहे?"

त्यानं आकडा सांगितला. रिकाम्या गाडीचं वजन वजा करून चिठ्ठीवर जेवढा कापूस निघाला होता, त्यापेक्षा तो दीड क्विंटलनं जास्त होता.

"मग बोलले का नाही, भाऊ?"

"निंगतानीच तिनं सांगतलं होतं, आकडा पाहून घेजा. मी म्हनलं, तिथं कंप्युटर हाय, तुह्या वहीले कोन पुसते. मले वाटलं तिचंच चुकलं. घरी जाऊन तिले काय काय बोलाव, तेच ठरवून राह्यलो होतो."

काका मागे येऊन उभे होते. "ढिगातला कापूस आता मोजता येत नाही," ते हळूच म्हणाले. "वही आना, केंद्राच्या साहेबाले दाखवू."

"वहिनींचं बरोबर आहे," मी त्या माणसाला म्हटलं. "चूक माझी आहे."

यावर मात्र त्यानं मान हलवली नाही. पाण्याची बादली खाली ठेवून तो माझ्याकडे वळला.

"मॅडम," तो म्हणाला, "हे तिच्यासमोर सांगता काय?"

आकडा स्थिरावल्याशिवाय बटण दाबायचं नाही, एवढं काकांना बजावलं. सरांना फोन करायचा होता, आणि काय सांगायचं ते सुचत नव्हतं. मी आधी त्याच्या गाडीत चढले.