पाण्याचा डबा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. आणि मी तर सांगणारा माणूस! प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले, की मला बोलावणं यायचंच — चला भाऊ, गरिबीच्या गोष्टी होऊन जाऊ द्या. मग काय! आमच्या घरी चहाची पत्ती इतक्यांदा उकळायची, की शेवटी तिला पेन्शन द्यावी लागायची. कांदा एक, पुरायचा आठवडाभर. सोमवारी खायचा, उरलेले सहा दिवस नुसता वास घ्यायचा. सोफ्यावर बसलेली माणसं पोट धरून हसत. फ्रिजमधलं सरबत हातात असलं, की जुनी भूक फार गोड लागते — नाही का?

एक गोष्ट मात्र मी हसवायला सांगत नसे. ती शेवटी. आवाज खाली आणून.

लहानपणी आम्ही कन्हानला, रेल्वेच्या रुळांजवळ राहत होतो. इंजिनांच्या राखेत अर्धवट जळालेला कोळसा सापडे. आमची शेगडी त्याच्यावर पेटे. हे काम जोडीनंच करायचं. एकानं डब्यातलं पाणी ओतत पुढं जायचं, दुसऱ्यानं मागून वेचायचं. कारण ढीग वरून थंड दिसतो — आत निखारा जिवंत असतो. आईनं डबा माझ्याकडे दिला होता, वेचणं ताईकडे. ती अकराची, मी नऊचा.

तर गोष्ट अशी, की एके सकाळी ताईला ताप होता, मी एकटा गेलो, ढिगात हात घातला, पंजा भाजला, तरी टोपलं भरून आणलं. बायका डोळ्याला पदर लावत. पुढं पुढं मी एका टोपल्याची दोन केली.

ताप — ताईला?

कोणालाच नव्हता. आदल्या दिवशी वर्गातल्या पोरांनी मला डबा नेताना पाहिलं होतं. म्हणून मी पोट दुखतं सांगून गोधडीत पडून राहिलो. ताईनं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असेल का तिनं? ‘नीज तू,’ एवढंच म्हणाली, आणि गेली. टोपलं आणि पाण्यानं भरलेला डबा एकटीनं कसा नेणार? डबा दारातच राहिला. ढिगात भाजलेल्या तिच्या उजव्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. लेखणी धरता येईना, शाळा सुटली. माझी सुटली नाही. मी शिकलो, नोकरीला लागलो, बंगला बांधला.

वास्तुशांतीला ताई आली. जेवणं झाली आणि लोकांनी मला गळ घातली. ती आत असेल असं मला वाटलं — नाही, हेही खोटं. ती समोर, दाराशी बसली होती. मला दिसत होती. तरी मी सांगितली.

शेजारचे वकीलसाहेब उसळून म्हणाले, “काय सांगून राहिले भाऊ! दाखवा बरं हात!”

माझा तळवा तुपासारखा गुळगुळीत. मी मूठ मिटली.

“हात कायले पाहता जी?” ताई म्हणाली. “लहान होता तो. लहान्याचा हात भरून येते.” तिचा स्वतःचा पदराखाली होता.

सगळे हळहळले. कोणीतरी आणखी एक सांगा म्हणालं. मी कांद्याची सांगितली.

संध्याकाळी तिला बसवर सोडायला गेलो. आता बोलेल, निदान शिवी देईल, म्हणून थांबलो. “जाय तू घरी,” ती म्हणाली, “पाहुणे वाट पाहून राहिले असन.” त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. मीही गेलो नाही. कामं होती, असं मी सगळ्यांना सांगे.

मागच्या वर्षी ती गेली. तेराव्याला कन्हानला गेलो तर भाच्यानं मला सगळ्यांपुढं खुर्ची दिली. म्हणाला, “मामा, आई नेहमी सांगे, तुमी लहानपणी हात जाळून घर चालवलं.” तिचा स्वतःचा हात तिनं मुलांना चुलीवर भाजला म्हणून सांगितलं होतं.

हल्ली बोलावणं आलं तरी मी जात नाही. चार खोल्यांत एकटा बसतो, आणि तिथं ऐकायला कोणी नसताना गोष्ट खरी सांगून पाहतो. तेराव्याच्या दिवशी मात्र अंगण भरलेलं होतं. भाचा माझ्या पायाशी वाकला.

मी वाकू दिलं.