चिवड्याच्या डब्यातलं बाळ

एका नाताळात मी बाळ येशूला चिवड्याच्या डब्यात घालून बारामतीला पाठवलं. हसा खुशाल. मी तेव्हा रडकुंडीला आले होते.

इंदापूरच्या आमच्या घरी आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, मातीचा गोठा मांडायची रीत. मरिया, योसेफ, मेंढरं सगळी हजर, गव्हाणी तेवढी रिकामी. बाळ ठेवायचं ते नाताळच्या आदल्या संध्याकाळी. तोवर त्याला लपवायचं काम माझं. त्या साली कागदात गुंडाळून मी त्याला एका रिकाम्या डब्याच्या तळाशी ठेवलं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत लागला होता आणि कऱ्हाटीच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, आम्हाला न विचारता, लग्न करून मोकळा झाला होता. मुलगी हिंदू. माझं डोकं फिरलं. "मी बोलावल्याशिवाय उंबरा चढायचा नाही," असं मीच बजावलं, आणि तो येत नाही म्हणून रोज मीच चिडत बसले!

वर रविवारी महिला मंडळात माझं प्रवचन: "आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं, बायांनो. येणाऱ्यासाठी जागा करणं." आवाज काय लागायचा माझा! घरी येऊन मात्र मोटारसायकल वाजली की खिडकीशी धाव. त्याची नसली की भांड्यांची आदळआपट.

"एक निरोप धाड, पोरगं पळत येईल," हे म्हणायचे.

"आधी त्यानं माफी मागावी."

"मग बस वाट बघत."

आता नोव्हेंबरातच चांदण्यांच्या माळा लागतात, केक सांगून ठेवतात. सगळी तयारी चोख, पण आलेल्याला दार उघडायला कुणी मोकळं नाही. मला संताप येतो. कारण अशी दार न उघडणारी एक बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

नाताळाच्या आठवडाभर आधी हे बारामतीला निघाले. "निदान फराळ तरी दे." मी रागारागानं फळीवरचा डबा ओढला, न बघता चिवडा ओतला, झाकण आपटलं. "माझं नाव सांगायचं नाही!"

नाताळच्या आदल्या दिवशी शोधाशोध. पीठ चाळलं, डाळी उपसल्या. बाळ नाही.

"उंदरानं नेलं असेल," हे म्हणाले.

"तुमची जीभ का नाही नेली त्यानं?"

संध्याकाळी गाणी म्हणायला माणसं येणार. शेवटी मी एक करंजी रुमालात गुंडाळून गव्हाणीत निजवली. यांनी वाकून पाहिलं. "मुरड छान पडलीय हो बाळाला."

मी उत्तर देणार तोच दाराशी मोटारसायकल थांबली. मुलगा गाडीपाशीच उभा राहिला, मान खाली. सून पुढं आली, उंबऱ्याबाहेर थांबली. पहिल्यांदाच पाहत होते तिला. तिनं पदर उघडला. आत आमचं बाळ, कानाला शेव चिकटलेली. ती म्हणाली:

"आत्याबाई, चिवडा संपला तवा तळाला हे घावलं. हे म्हणत्यात, आईनं बोलावणं धाडलंय. मी म्हणते, चुकून आलं आसंल. तुमीच सांगा, बोलावणं हाय का चूक? मंग चपला काढते."