डब्याची तब्येत

“जित्ता हाय का, विचारा त्याला.” काहीही बंद पडलं की ताई एवढंच म्हणायच्या आणि बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा ठकठक करायच्या. मग तो प्रिंटर असो, पंखा असो, नाहीतर वेळेवर न आलेला चहावाला असो. अशी एखादी सवय चिकटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी सवय आठवते, मग तिच्यामागून माणूस येतं.

आमचं हिंगोलीतलं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. हळदीच्या यार्डात गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत आपला नंबर कितवा, हे शेतकऱ्याला घरबसल्या मोबाइलवर दिसावं, हे आमचं काम. प्रोग्राम ताई लिहायच्या आणि शेतकऱ्यांचे फोन मी घ्यायचो. प्रोग्राममधलं मला तेव्हा काही कळत नसे, आजही कळत नाही. पण ताई समजावल्याशिवाय सोडत नसत.

त्यांचे वडील, आबा, कुरुंद्यात एकटे राहत. आई जाऊन काही वर्षं झाली होती. आबा धडधाकट आहेत तोवरच हिंगोलीची नोकरी, हे ताईंनी ठरवून टाकलं होतं. म्हणून रोज जेवायच्या आधी फोन. “आबा, बरे हायेत ना?” पलीकडून ठरलेलं उत्तर, “बराबर हाय.” ते ऐकल्यावर त्या जेवायला बसत.

ताईंना पसारा अजिबात चालत नसे. सर्व्हरवर आमचा प्रोग्राम ज्या कंटेनरमध्ये ठेवलेला असे, त्याला त्या डबा म्हणत. एके दिवशी त्यांनी डब्यातून प्रोग्राम सोडून बाकी सगळं काढून टाकलं. मी विचारलं, “काहून?”

“दादा, चोराच्या हाती लागाया घरात कुऱ्हाडच न्हाई, तर तो घुसून काय करल? आन् डबाबी हलका.”

मला पटलं. न कळता पटणं हा माझा जुना आजार आहे.

मग त्यांनी डब्याला हेल्थ चेक लावला. म्हणजे थोड्या थोड्या वेळानं आतल्या प्रोग्रामला विचारायचं, जित्ता हायस का? उत्तर आलं नाही की सर्व्हर त्याला मेला समजतो, बंद करतो आणि पुन्हा नव्यानं चालू करतो. सकाळी चेक लावला आणि माझा फोन थांबेना. “ओ साहेब, नंबर दिसून गायब होऊन राहिला. काहून?” मी म्हणत होतो, “पाहून राहिलो.” पाहत होतो हे खरं, पण काय पाहतोय ते मला माहीत नव्हतं.

दुपारी ताईंनी कपाळाला हात लावला. प्रोग्रामचं दार वाजवायला जे छोटंसं हत्यार डब्यात लागतं, तेही पसाऱ्याबरोबर बाहेर गेलं होतं. दार वाजतच नव्हतं, म्हणून उत्तर येत नव्हतं.

“म्हंजे त्याला काही झालंच नव्हतं?” मी विचारलं.

“काईच न्हाई. चांगल्याला मीच मारून राहिले.”

मग त्यांनी दार वाजवायचं काम प्रोग्रामलाच शिकवलं. आता तो आतल्या आत स्वतःला विचारायचा आणि ठीक म्हणून कळवायचा. स्क्रीनवर सगळं हिरवंगार. आम्ही निवांत झालो. आणि एका सकाळी आखाडा बाळापूरचे एक शेतकरी ऑफिसच्या दारात उभे. “तुमच्या मोबाइलवर अजून कालचीच रांग हाय. माझा नंबर निघून गेला, त्याचं काय?”

यार्डाकडून येणारी माहितीच तुटली होती. प्रोग्राम मात्र ठीक, ठीक म्हणत बसला होता.

“ताई, आधी आपण चांगल्याला मेला म्हणत होतो, आता आजाऱ्याला ठीक म्हणतोय,” मी म्हणालो. मला गोंधळायला झालं होतं, पण हसूही येत होतं. ताई हसल्या नाहीत.

“सवालच चुकला, दादा. बरा हायस का म्हनलं की कोनीबी बराच म्हनल. त्याला काम सांगाया पाहिजे.”

त्यांनी चेक बदलला. आता तो प्रोग्रामला विचारायचा, यार्डात या घडीला सगळ्यात पुढं कोणती गाडी आहे? ती बरोबर सांगितली तरच ठीक.

त्याच दुपारी नेहमीचा फोन लागला. ताई खुशीत होत्या. स्पीकर चालू ठेवून म्हणाल्या, “आबा, बरे हायेत ते कळलं. आज शिजवलं काय?”

“मला काय ठाव? तुझी माय चुलीपाशी हाय. वांगं करून राहिली.”

ताईंनी फोन ठेवला. “रोज तर बराबर म्हनत होते, दादा.” कुरुंद्यातली शेजारीणही ताईंना आबा बरे आहेत असंच सांगायची, कारण तीही आबांना तेवढंच विचारायची.

ताई नोकरी सोडून कुरुंद्याला गेल्या त्या गेल्याच. डबा अजून चालतो, गाडीचा नंबर विचारला की सांगतो. प्रिंटर अडकला की मी टेबलावर ठकठक करून पाहतो. मला त्यांची फार आठवण येते.

परवा फोन लावला. “ताई, कशा हायेत?”

“बराबर हाय, दादा.”

मला बरं वाटलं आणि लगेच मी गडबडलो. विचारलं, “आज शिजवलं काय?”

मागून आबा ताईंच्या आईचं नाव घेऊन हाका मारत होते. “व्हय, आले,” ताईंनी त्या हाकेला ओ दिली आणि मग मला हळूच म्हणाल्या, “वांगं केलंय, दादा.”

हे उत्तर ठीक धरायचं की नाही, मला कळत नाही. रविवारी कुरुंद्याला जाऊन येतो.